तिसरं लंगडतंय

वडवणीच्या बाजारतळाला लागून भगवती मोटार रिवाइंडिंग वर्क्स हे दुकान आहे. तिथं येणारं गिऱ्हाईक वस्तू टेबलावर ठेवायच्या आधी एक वाक्य हमखास बोलतं : मिस्तरी, दुरुस्त करा, सुधारू नका.

हे वाक्य उगाच तयार झालेलं नाही. गेल्या चोवीस वर्षांत तानाजी मिस्तरीनं बरंच काही सुधारलं होतं. एका मास्तरांचा पंखा हळू फिरतो म्हणून आला होता. तो परत गेला तेव्हा त्याला जास्तीची एक गती होती, आणि त्या गतीला मास्तरांचं कॅलेंडर भिंतीवरून सुटून अंगणात गेलं. एका हॉटेलवाल्याच्या मिक्सरला त्यानं चटणी झाल्यावर वाजणारी शिट्टी बसवली. शिट्टी वाजायची, पण चटणी व्हायच्या आधी. यात आपलं काही चुकलं असं तानाजीला कधी वाटलं नाही. प्रत्येक वस्तूच्या अंगात ती दाखवते त्यापेक्षा जास्त काम असतं, तिला फक्त कुणीतरी हात द्यायला पाहिजे, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

तरुणपणी बीडच्या आयटीआयमधून वायरमनचा दाखला घेऊन तो एका कारखान्यात लागला होता. तिथं नवंकोरं पॅनल आलं आणि ते उघडून बघायची परवानगी काही मिळेना. दीड वर्षात नोकरी सोडून तो घरी आला. बापानं विचारलं, कावून सोडली? तर म्हणाला, बंद पेटीसमोर आठ तास बसवत न्हाई. बापाला ते कळलं नाही, आणि पुढं लग्न झाल्यावर बायकोलाही बरीच वर्षं कळलं नाही. बायको सत्यभामा चकलांब्याची. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. ब्लाउजच्या बाहीवर ती इतकं बारीक आरीकाम करायची, की बीडहून बायका कापड घेऊन यायच्या. नवऱ्याबद्दल तिची तक्रार एकच होती : घरातली एकही वस्तू दुकानातून जशी आली तशी राहत नाही.

त्या दिवाळीला तानाजीची भाची प्रियदर्शनी पुण्याहून आली. ती नाटकांना संगीत देते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. कशानं देते हे कुणी विचारलं नव्हतं. या खेपेला तिनं एक चपटी सुटकेस आणली होती. ती उघडली तेव्हा तानाजी हातातली करंजी तशीच धरून उभा राहिला. आत नुसत्या खुंट्या, भोकं, लुकलुकणारे दिवे आणि रंगीत वायरींचं जाळं होतं. प्रियदर्शनीनं सांगितलं, याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. साध्या कीबोर्डात सगळं आतून जोडून येतं, यात प्रत्येक तुकडा सुटा असतो. एक तुकडा सूर काढतो, दुसरा तो सूर गाळतो, तिसरा ठेका देतो; कुणाला कुणाशी जोडायचं ते वाजवणाऱ्यानं वायरी लावून ठरवायचं.

"म्हंजे उघडंच ठिवलेलं हाय," तानाजी म्हणाला. असं यंत्र जगात असावं आणि आपल्याला पन्नाशी गाठेपर्यंत कळू नये, याचं त्याला वाईट वाटलं.

त्यानं ठेक्याचा तुकडा बाहेर काढून उलटा केला. मागच्या बाजूला दहा पिनांची एक रांग होती आणि तिला काहीच जोडलेलं नव्हतं. त्या कशाला, असं त्यानं विचारलं. भाची म्हणाली, ती एक्स्पान्डरची जागा. हा तुकडा ठेका देतो तो एकाच तारेतून. मागं एक जोडपट्टी लावली की तोच ठेका एकदम चार तारांतून निघतो, मग चार वेगळे आवाज एकत्र चालवता येतात. पण परदेशातल्या ज्या माणसानं हे बनवलं, त्यानं मोजक्याच जोडपट्ट्या केल्या आणि धंदा बंद करून तो मधमाश्या पाळायला लागला. आता त्या कुठंच मिळत नाहीत. जाताना त्यानं फक्त नकाशा सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकून दिला.

"नकाशा हाय, आन मिळत न्हाई म्हणतीस?"

प्रियदर्शनीनं मामाच्या तोंडाकडं बघितलं आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. तिला नाटकाबरोबर दीड महिना दौऱ्यावर जायचं होतं, तिथं हे यंत्र न्यायचं नव्हतं. शेवटी तिनं ठेक्याचा तुकडा मामाकडं ठेवला आणि दोन वचनं घेतली. एक, नकाशात आहे तेवढंच करायचं, सुधारायचं नाही. दोन, चपट्या केबलची लाल कडा खुणेच्या बाजूलाच लावायची, नाहीतर वीज उलटी जाईल. तानाजीनं दोन्ही वचनं मोकळ्या मनानं दिली.

सर्किटची पट्टी घरी कशी करायची ते त्यानं मोबाइलवर तीन वेळा बघितलं. तांब्याचा पातळ थर चढवलेली कोरी पट्टी घ्यायची. नकाशा गुळगुळीत कागदावर छापून कागद पट्टीवर पालथा ठेवायचा, वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे छपाईची शाई तांब्यावर चिकटते. मग पट्टी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात बुडवायची. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. बीडहून त्यानं फेरिकची पुडी आणली. ते तांबं खातं हे त्याला माहीत होतं. ते आणखी काय काय खातं, हे वाचायचं राहिलं.

मागच्या अंगणात त्यानं सत्यभामेचं दूध तापवायचं जर्मनचं पातेलं घेतलं. अॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणतात. फेरिकनं तांब्याच्या पट्टीकडं ढुंकूनही बघितलं नाही, ते थेट पातेल्यावर तुटून पडलं. आधी फसफसलं, मग वाफा निघाल्या, मग पातेलं हात लावू देईना, आणि थोड्या वेळात बुडाला पडलेल्या भोकातून सगळं लालभडक पाणी फरशीवर उतरलं. सत्यभामेनं पातेलं धुतलं, दुकानात नेलं आणि तीन गिऱ्हाइकं बसली होती त्यांच्यासमोर टेबलावर पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मात्र आईस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा तिनंच काढून दिला.

डब्यात काम झालं. तांब्याच्या रेषा केसासारख्या स्वच्छ उठल्या. तानाजीनं कोपऱ्यात दुकानाचं नावही घातलं होतं, कारण त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक मोटारीवर ते असतंच. याला सुधारणा म्हणता येणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पट्टी पुसून तो मागच्या खोलीत दाखवायला गेला. सत्यभामेनं ती उजेडात धरली, मग उठून भिंतीवरच्या आरशासमोर धरली.

"आवं, दुकानाचं नाव आरशात बघून वाचायचं का लोकांनी?"

अक्षरं उलटी होती. म्हणजे कागदावर नकाशा आरशातल्यासारखा उलटा छापून घ्यायचा राहिला होता. म्हणजे नुसतं नाव नाही, सगळा नकाशाच उलटा होता. तानाजी घडीभर आरशातल्या बरोबर पट्टीकडं बघत उभा राहिला. पट्टी फेकून द्यायला त्याचं मन होईना. चौदा पायांचा आयसी, म्हणजे काळी चिप, त्यानं पाठीवर झोपवला आणि पाय वर करून जोडायला घेतला. मेलेल्या झुरळासारखं ते दिसत होतं, पण नियमात बसत होतं. बसलं नाही ते सोल्डरिंगचं काम. त्याची सोल्डरिंग इस्त्री मोटारीच्या जाड वायरींसाठी घेतलेली. तिच्या एका थेंबात तीन पाय एकत्र यायचे. चाळिशीचा चष्मा घालून त्यानं दोन दिवस झटापट केली आणि आयसीचा पार गोळा झाला.

सत्यभामा हे शिवणयंत्रावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री मागवायला लावली आणि स्वतः टेबलाशी बसली. आरीच्या सुईनं मणी ओवणाऱ्या हाताला ते नवीन नव्हतं. दुसरी पट्टी, या वेळी सुलट उठलेली, तिनं दुपारच्या दोन ब्लाउजांच्या मधल्या वेळात जोडून दिली. प्रत्येक टाका सारखा, मोहरीएवढा. तानाजीचं काम आता तिच्या हाताशी एकेक भाग देण्याचं राहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण नवरा आपल्याला सामान काढून देतोय हे ती पहिल्यांदाच अनुभवत होती, आणि तिनं ते मुळीच घाईनं उरकलं नाही.

या यंत्राला वीज दोन बाजूंची लागते, बारा व्होल्ट वरची आणि बारा व्होल्ट खालची. तानाजीनं स्वतःच्या मोटारसायकलची बॅटरी काढली, शेजारच्या किराणावाल्या बद्रीनाथच्या मोटारसायकलची मागून आणली, आणि दोन्ही एकाला एक जोडून मधून अर्थिंगची तार काढली. ते फारच छान जमलं. त्या आनंदात केबल लावताना लाल कडा कुठल्या बाजूला होती हे त्यानं बघितलं नाही. आयसीतून बारीक धूर निघाला, सरळ रेषेत वर गेला आणि दुकानभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. भाचीच्या तुकड्याला काही झालं नव्हतं. एक वचन मोडलं होतं खरं. तानाजीनं आयसी बदलला आणि ही गोष्ट पुण्याला कळवायची गरज नाही असं ठरवलं. तेवढ्यात बद्रीनाथला गेवराईला जायचं निघालं आणि बॅटरी आपणच दिलीय हे विसरून तो गाडीला लाथा मारत बसला.

आता तपासणी. चार तारांतून ठोका एकाच क्षणी निघतो का, हे बघायचं होतं. भाचीकडं त्यासाठी आवाजाचे तुकडे होते, तानाजीकडं रिले होते. रिले म्हणजे वीज आली की टक्कन ओढला जाणारा विजेवरचा खटका. असे चार त्यानं रांगेत मांडले आणि त्यांना दारावरच्या चार बेल जोडल्या. ठेका सुरू झाला. एक बेल चिमणीसारखी ओरडली, दुसरी डिंगडाँग म्हणाली, तिसरी तान्ह्या मुलासारखी हसली आणि चौथी नुसती गुरगुरली. आणि हे चौघं दर अर्ध्या सेकंदाला एकदम. बाजारतळावरची माणसं जमली. मीटर लावून बघितला तर चारी तारांत वीज बरोबर होती. तानाजीनं पट्टी पास केली.

त्या गर्दीत म्हाळू होता. म्हाळू मेंढरं राखतो. बिघडलेली टॉर्च घेऊन आला होता, आणि त्याची चाळीसएक मेंढरं दुकानासमोर रस्ता अडवून उभी होती. त्यानं डोकं एका बाजूला कलवलं आणि त्या बेलींचा गोंगाट आधी बंद करा म्हणाला. तानाजीनं बेली सोडवल्या. आता फक्त चार रिलेंचा एकत्र टक, टक, टक राहिला. म्हाळू डोळे मिटून उकिडवा बसला आणि थोड्या वेळानं त्यानं बोट दाखवलं.

"मिस्तरी, ह्यातलं तिसरं लंगडतंय."

तानाजीला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं पुन्हा मीटर लावून दाखवला. म्हाळूला मीटरचं काही पडलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, की कळप पुढं चालतो आन मी माघून. कोणती मेंढी लंगडती ते घंटीवरून कळतं, पाय बघावा लागत न्हाई. तिघं सोबत पडतेत, हे एक जरा माघं पडतंय.

नेमक्या त्याच वेळी मेंढरांच्या पलीकडं एक पांढरी गाडी येऊन थांबली. पंचायत समितीचे माजी सदस्य विजयसिंह आठ दिवसांपूर्वी पंपाच्या स्टार्टरचा ऑटो दुरुस्तीला टाकून गेले होते. ऑटो म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारी डबी. ती नसल्यामुळं त्यांचा गडी लाइट येईल तेव्हा शेतात पळत होता. मेंढरांतून वाट काढत ते आत आले आणि त्यांना दिसलं ते असं : मिस्तरी हात जोडल्यासारखा उभा, त्याची बायको भिंग घेऊन बसलेली, मधे एक मेंढपाळ डोळे मिटून, आणि टेबलावर काहीतरी टक टक करतंय.

"तान्या, माझा ऑटो कुठं हाय बे?"

ऑटो टेबलावरच होता, पण उघडा आणि आतून रिकामा. त्यातला बारा व्होल्टचा रिले तिसऱ्या जागी टकटकत होता. हे सांगणं भाग होतं, आणि सांगता सांगता तानाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. तो म्हणाला, दादा, तुमचाच रिले हाय, म्हणून लंगडत असंल.

विजयसिंह दोन निवडणुका हरले होते, पण त्यांच्या रिलेला कुणी नावं ठेवली नव्हती. ते खुर्ची ओढून बसले. हे यंत्र कशाचं आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. माझा रिले लंगडा न्हाई, हे सिद्ध करून दाखव, एवढाच त्यांचा मुद्दा होता. तानाजीनं त्यांचा रिले काढून पहिल्या जागी लावला आणि पहिला तिसऱ्या. ठेका सुरू झाला. म्हाळूनं डोळे मिटले. विजयसिंहांनीही मिटले.

"तिसरंच लंगडतंय," म्हाळू म्हणाला. "दादांचा बरुबर हाय."

विजयसिंहांनी पाठीमागं रेलून सगळीकडं बघितलं. आता दोष रिलेत नव्हता, पट्टीत होता. सत्यभामेनं भिंग उचललं आणि तिसऱ्या तारेवरचे भाग एकेक करून बघायला घेतले. रेझिस्टन्सवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून त्याचं माप कळतं. ती एका ठिकाणी थांबली. बाकीच्या तीन तारांवर तपकिरी, काळा, शेंदरी असे पट्टे होते. इथं तिसरा पट्टा पिवळा होता.

"शेंदरी न्हाई, हा पिवळा हाय. तुमीच काढून दिलता."

म्हणजे दहा हजार ओहमच्या जागी एक लाख ओहमचा रेझिस्टन्स लागला होता. त्यानं एकट्यानं एवढा उशीर झाला नसता. पण तानाजीनं प्रत्येक तारेवर वीज साठवणारा एकेक कंडेन्सरही जोडायला दिला होता, जो नकाशात नव्हता. मोटारीच्या धंद्यात कंडेन्सर लावल्यानं कुणाचं वाईट झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. दहापट रेझिस्टन्समधून तो भरायला वेळ लागायचा, म्हणून ठोका मागं पडत होता. न सुधारण्याचं वचनही मोडल्याचं असं चारचौघांत उघडं पडलं. भाचीला फोन लावावा लागला. तिनं ऐकून घेतलं आणि मामा, ते चारी कंडेन्सर आत्ताच्या आत्ता काढा, एवढंच म्हणाली. सत्यभामेनं ते काढले, रेझिस्टन्स बदलला. म्हाळूनं पुन्हा कान दिला आणि मान डोलावली. विजयसिंहांनी आपला रिले ऑटोत घालून घेतला, ऑटो खिशात टाकला, आणि पुढचा आठवडाभर ते बाजारात भेटेल त्याला आपल्या रिलेबद्दल सांगत होते.

जानेवारीत प्रियदर्शनी आली. तुकडा यंत्रात बसवला, मागं जोडपट्टी लावली, दुकानात दुरुस्तीला आलेल्या बँडवाल्याच्या स्पीकरला वायर दिली. दूर कुठंतरी पाण्याखाली ट्रॅक्टर चालावा तसा आवाज सुरू झाला. त्यात टपटप थेंब पडल्यासारखं काहीतरी, मग एक लांबलचक हुंकार. तानाजी हात बांधून पाच मिनिटं थांबला.

"सुरू कवा व्हनार?"

"मामा, हे चालूच आहे."

त्यानं मान डोलावली. संगीत त्याला आवडलं नाही, हे त्यानं पुढंही कधी लपवलं नाही. पण चारी तारांवरचे चार दिवे एकाच क्षणी लागत होते आणि एकाच क्षणी विझत होते, आणि ते त्यानं डोळे भरून बघितलं. तो पाणी प्यायला मागं गेला. परत आला तेव्हा सत्यभामा यंत्रासमोर बसली होती. एक खुंटी हळूहळू फिरवत तिनं ठेका इतका उतरवला, की तो शिवणयंत्राच्या पायडलच्या चालीला आला. मग दुसरी खुंटी. मग तिसरी. भाची काही शिकवत नव्हती, नुसती बघत होती. त्या दुपारी एका नवरीचा ब्लाउज राहिला आणि भाकरी तानाजीनं थापल्या. त्या कुणालाही नीट खाता आल्या नाहीत.

प्रियदर्शनीनं पुण्यात त्या पट्टीचा फोटो मित्रमंडळींना दाखवला. पट्टीपेक्षा कोपऱ्यातलं देवनागरीतलं भगवती मोटार रिवाइंडिंग वर्क्स, वडवणी हेच लोकांना जास्त आवडलं. दोघातिघांनी मागितली, मग बंगळुरूच्या एकानं, मग आणखी कुणी. नाव घातलेलीच पाहिजे, असं प्रत्येक जण बजावून सांगायचा. सत्यभामा आता महिन्याला दहा-बारा पट्ट्या जोडते. मोबदल्यात तिनं भाचीकडून यंत्राचा सूर काढणारा एक जुना तुकडा मागून घेतला आहे, आणि तानाजीला त्याला हात लावायची बंदी आहे.

एक अडचण मात्र होते. उन्हाळ्यात म्हाळू कळप घेऊन गाव सोडतो, आणि त्याच्या कानाखालून गेल्याशिवाय पट्टी पाठवायची नाही असा तानाजीचा नियम आहे. मागच्या एप्रिलमध्ये बारा पट्ट्या तयार होत्या. त्यानं त्या पिशवीत घातल्या, एक जादा बॅटरी, तपासणीपुरता भाचीनं दिलेला ठेक्याचा तुकडा आणि चार रिले डबीत घेतले, आणि मोटारसायकलवर विचारत विचारत निघाला. उपळीच्या शिवारात कपाशी उपटलेल्या रानात म्हाळू सापडला. तानाजीनं गाडीची बॅटरी काढली, बाभळीच्या सावलीत पोत्यावर सगळं मांडलं आणि एकेक पट्टी लावायला घेतली. मेंढरं लांब चरत होती. म्हाळूनं डोळे मिटले. एक लावायचा, दुसरा मान डोलवायचा. अकरा पट्ट्या पास झाल्या. बाराव्या पट्टीला म्हाळू बराच वेळ थांबला आणि मग म्हणाला, हिचं पाय बरं हायेत, पर चालायचं मन न्हाई. तानाजीनं का म्हणून विचारलं नाही. ती पट्टी वेगळ्या कागदात गुंडाळून खिशात ठेवली आणि तीन दगडांवर चहाचं आधण ठेवायला तो काटक्या गोळा करू लागला.